टेलो नावाचं आख्यान

सुशीलाबाई खांबेट्यांनी चाळीस वर्षं नामाचा महिमा गायला होता. चिंचवडपासून चिपळूणपर्यंत त्यांचं कीर्तन ऐकलं नाही असं देऊळ विरळा. हातात झांजा घेऊन त्यांनी पहिला सूर लावला की बाहेरचा चहावाला किटली खाली ठेवून दारात येऊन उभा राहायचा. पण ऑकलंडमध्ये, लेकीच्या सँडरिंगहॅममधल्या लाकडी घरात, पाच दिवसांच्या नातवाचं नाव कानावर पडलं आणि बाईंची वाचाच बसली.

पाटावर पाय लांब सोडून, बाळाला नडग्यांवर पालथं घालून त्या तेल लावत होत्या. हात तिथेच थांबला.

"काय म्हणालीस?"

"टेलो," गार्गी म्हणाली. "वेल्श नाव आहे. ह्यूच्या घरातलं."

"अर्थ काय त्याचा?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही, की कुणालाच माहीत नाही?"

गार्गी घुटमळली. "कुणालाच. म्हणजे नक्की असं कुणालाच नाही."

"अगं, कुत्र्याचं नाव ठेवतानासुद्धा माणूस चार दिवस विचार करतो!"

"शेजारच्या कुत्र्याचं नाव आर्थर आहे, आई," जावई दारातून म्हणाला. ह्यूला मराठी सगळं समजे, पण बोलताना तो इंग्रजीच धरून चाले. "फार विचार करून ठेवलंय."

"तू गप रे," सुशीलाबाई म्हणाल्या आणि बाळाला उताणं केलं. बाळ आजीकडे बघून हात झाडू लागलं. या सगळ्याशी आपला काही संबंध नाही, असा त्याचा चेहरा होता.

आता सुशीलाबाई हट्टी होत्या म्हणून हे झालं, असं कुणी समजू नये. त्यांच्या गुरूंनी, बाळासाहेबबुवांनी, पहिल्या दिवशी त्यांच्या हातात झांजा ठेवताना एकच अट घातली होती. "पोरी, नारदाच्या गादीवर उभी राहिलीस की ज्या नावाचा अर्थ सांगता येत नाही ते नाव तोंडातून काढायचं नाही. देवाचं असो, राक्षसाचं असो, नाहीतर यजमानाच्या नातवाचं असो." सुशीलाबाईंनी ते व्रत चाळीस वर्षं पाळलं होतं. किती बारशांना त्यांनी जन्माचं कीर्तन केलं, पाळणा म्हटला, आणि प्रत्येक नाव आधी उलगडून दाखवलं! आणि आता सख्ख्या नातवाच्या बारशाला, ज्यासाठी त्या सातासमुद्रापार आल्या, हे असं नाव.

"अमेय ठेवू," त्या म्हणाल्या. "मोजता न येणारा. तुमच्या लोकांनाही म्हणता येईल."

गार्गी जवळ येऊन बसली. तिनं सांगितलं ते असं. नाताळात ती आणि ह्यू इथल्याच हेस्टिंग्जला सासऱ्यांच्या सफरचंदाच्या मळ्यावर गेले होते. सासूबाई जाऊन सात वर्षं झालेली, सासरे एमलिन एकटेच. त्यांच्या घरी एक जुना धर्मग्रंथ आहे, त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं. एमलिनच्या खाली एक नाव होतं, टेलो, आणि पुढे दोन सालं, एकोणीसशे तेहेतीस आणि बेचाळीस. ह्यूला चाळिसाव्या वर्षी कळलं की आपल्याला एक काका होता. गार्गीनं सहज विचारलं, बाळाला हे नाव ठेवलं तर? म्हातारा उठून झाडांमध्ये गेला, तासाभरानं आला आणि म्हणाला, "तुमचं मूल, तुमचं नाव." बस. पुन्हा तो विषय नाही.

"त्या तासाभरात माझं ठरलं, आई," गार्गी म्हणाली. "पण एक सांगते." तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे चुंबकाखाली जन्मनोंदणीचा फॉर्म लटकत होता, सगळा भरलेला, नावाची चौकट तेवढी कोरी. "बारशात तू नाव घेतलंस तरच मी तिथे टेलो लिहीन. माझ्या मुलाचं नाव माझ्या आईच्या तोंडी येणार नसेल तर मला ते नको. मग अमेय तर अमेय."

बारसं शनिवारी, नऊ फेब्रुवारीला होतं. बाराव्या दिवशी नाही, सतराव्या, कारण ओटाहुहू उपनगरातला हॉल त्याच दिवशी मोकळा होता.

म्हणजे दिवस उरले बारा, आणि एका नावाचा जीव सुशीलाबाईंच्या जिभेवर टांगलेला.

त्यात त्यांच्या हातून चूक झाली. बारशाआधी नाव फोडायचं नसतं, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं. पण सुंठ आणायला सँडरिंगहॅम रोडवरच्या दुकानात गेल्या, तिथे मंदाताई भेटल्या. मंदाताई मुलाकडे राहायच्या आणि इथल्या मराठी मंडळातली कुठलीही बातमी त्यांच्याकडूनच निघायची. त्यांनी "काय मग, नाव काय काढलंत?" असं नुसतं विचारलं, आणि सुशीलाबाईंच्या मनात आठवडाभर खदखदत होतं ते भसकन बाहेर आलं.

"टेलो?" मंदाताईंनी कोथिंबिरीची जुडी परत ठेवली. "तेल लावताना सुचलं की काय हो? आणि अर्थ?"

"शोधतेय."

"तुम्ही? शोधताय?" मंदाताई गोड हसल्या. "आमच्या नातीच्या बारशाला 'अर्थाविना नाव म्हणजे मिठाविना पिठलं' म्हणाला होतात. मी तर ते वहीत लिहून ठेवलंय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या सँडरिंगहॅमला मिठाविना पिठलं कळलं होतं.

मंडळाचा चंद्रहास मदतीला धावला. चंद्रहास दिवसा बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायचा आणि रविवारी पेटी वाजवायचा. सुशीलाबाईंच्या साथीला तोच बसणार होता. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला.

"काकू, इथल्या गेल्या वर्षीच्या यादीत पहिला जॅक. पहिल्या शंभरात तुमचा टेलो शोधून सापडत नाही. वेल्समध्येसुद्धा वर्षाकाठी मोजकीच पोरं. अगदी दुर्मिळ माल आहे हा."

"माल काय म्हणतोस, मेल्या! अर्थ बघ."

"बघतोय. एक संत होता म्हणे या नावाचा, चौदाशे वर्षांपूर्वी. त्याचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, लोकांनी लाडानं हे केलं. लाडाच्या नावाला काय अर्थ असणार? इथे लिहिलंय, अर्थ अनिश्चित. इथे, अर्थ अज्ञात. ही एक साइट म्हणते 'तेजस्वी', पण तीच साइट माझ्या नावाचा अर्थ 'चंद्रावर हसणारा' असा देते." त्यानं लॅपटॉप मिटला आणि आवाज खाली आणला. "काकू, ऐका माझं. तेजस्वी म्हणून द्या ठोकून. ऑकलंडमध्ये कोण तपासायला बसलंय? तुमचं व्रत राहील, गार्गीचं नाव राहील, मंदाकाकूंचं तोंड बंद. स्वीट ॲज, एकदम झकास!"

सुशीलाबाईंना क्षणभर मोह झाला, उगाच खोटं कशाला बोलायचं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. पण मग त्यांना बुवांचा हात आठवला, झांजा पुढे करणारा.

"चंद्रहास, घरात बसून एखादं खोटं मी बोलेनही. गादीवर नाही. तिथे माझ्या मागे तू असतोस, पुढे श्रोते असतात, आणि वर तो असतो. तिघांपैकी एकाला तरी कळतंच."

गुरुवारी दुपारी व्याही आले. हेस्टिंग्जहून सहा तास युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, चालवत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच, वाळलेला माणूस, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, डोक्यावर उन्हानं पांढरी पडलेली टोपी.

"किआ ओरा, सुशीला!"

"या, एमलिनराव." त्या त्यांना पहिल्या भेटीपासून एमलिनराव म्हणत. त्यांनाही ते आवडे. 'राव' म्हणजे आपल्या नावाचा उरलेला भाग, अशी त्यांची समजूत होती.

युटच्या मागून त्यांनी हंगामातल्या पहिल्या सफरचंदांच्या तीन पेट्या उतरवल्या आणि मग चादरीत गुंडाळलेला एक पाळणा. मळ्यातलं सगळ्यात जुनं झाड वठलं, त्याच्या लाकडाचा त्यांनी स्वतः केलेला. उशाच्या फळीवर दोन्ही बाजूंना पानं कोरलेली आणि मधली जागा तासून गुळगुळीत ठेवलेली.

"इथे नाव येणार," ते म्हणाले. "पण गार्गी सांगत होती, तुमच्यात आधी नाव सांगत नाहीत. म्हणून मी विचारलंच नाही."

सुशीलाबाईंनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. फ्रिजवरची चौकट एक, ही दुसरी. 

चहा झाल्यावर गार्गी बाळाला घेऊन आत गेली. सुशीलाबाई सुंठवड्यासाठी खोबरं किसत बसल्या, एमलिन सफरचंद सोलत बसले. दोघांचं इंग्रजी दोन टोकांचं. सुशीलाबाईंनी चिंचवडच्या शाळेत एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे काम भागे.

"तुमचे वडील प्रवचन करायचे ना?" त्यांनी विचारलं.

"करायचे म्हणजे!" एमलिननी सुरी खाली ठेवली. "सुरुवातीला साधं बोलायचे, तुझ्यामाझ्यासारखं. मग अर्ध्या तासानं आवाज वर चढायला लागायचा. मग शब्द सुरात जायचे. शेवटी शेवटी प्रवचन राहायचंच नाही, गाणं व्हायचं. लोक भिंतीला टेकून रडायचे. आमच्याकडे त्याला हुइल म्हणतात. हुइल म्हणजे शीड. वारा भरला की बोट आपोआप निघते, तसं."

सुशीलाबाईंच्या हातातली किसणी थांबली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, पावसाळी डोंगरात, लाकडी बाकांवर बसून माणसं कीर्तन ऐकत होती, आणि हे त्यांना चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं!

"म्हणून दाखवा."

"मी? छे. मी सफरचंदवाला."

"अहो, तुम्ही बुवांचे चिरंजीव! थोडंसं."

एमलिननी डोळे मिटले. आवाज फाटका होता, पण तीन सूर एकावर एक असे चढले की सुशीलाबाईंनी नकळत मांडीवर ताल धरला. मग ते एकाएकी थांबले.

"शेवटचं मी ते ऐकलं धाकट्याच्या वेळी," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. धाकटा नऊ वर्षांचा होता, घटसर्पानं गेला. आई म्हणाली, माझा मुलगा, घराजवळ पुरा. वडिलांच्या चर्चची माणसं म्हणाली, आमचा मुलगा, चर्चच्या आवारात पुरा. आणि बारा वर्षांचा एमलिन म्हणाला, माझा भाऊ, नदीकाठच्या आमच्या झाडाखाली. तीन दिवस घर नुसतं फाटत होतं. मग वडील उठले आणि प्रवचनाला उभे राहिले. त्यांनी त्या जुन्या संताची गोष्ट सांगितली, ज्याचं नाव धाकट्याला ठेवलं होतं.

ती गोष्ट त्यांनी सुशीलाबाईंना सांगितली. खोबरं तसंच राहिलं. सुशीलाबाई ऐकता ऐकता मनातल्या मनात पदं जुळवू लागल्या. सवय, दुसरं काय!

पण एक गोष्ट त्यांच्या कानानं टिपली. एवढ्या सगळ्या सांगण्यात एमलिननी नाव एकदाही घेतलं नव्हतं. 'धाकटा' म्हणाले, 'आमचा संत' म्हणाले. सुशीलाबाईंच्या आईनं जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, 'इकडून', 'स्वारी' यावर संसार झाला. पण तिला निदान उखाणा होता. या माणसाला सहासष्ट वर्षांत कुणी नाव घ्यायला लावलंच नाही.

"एमलिनराव, हे मी शनिवारी लोकांना सांगितलं तर चालेल?"

त्यांनी सफरचंदाची उरलेली साल एका लांब पट्टीत उतरवली. "वडील सगळ्या गावासमोरच म्हणाले होते," ते म्हणाले. "मीच कोंडून ठेवलं."

संध्याकाळी सुशीलाबाई गार्गीला म्हणाल्या, "शनिवारी मी उभी राहते."

"नाव घेशील?"

"ते गादीवर गेल्यावर कळेल. त्या फॉर्मला अजून हात लावू नकोस."

शनिवारी ओटाहुहूचा हॉल भरला होता. मंडळाची शंभरेक माणसं, ह्यूच्या ऑफिसातले पाच-सहा गोरे, त्यांतला एक टाय लावून आणि शॉर्ट्स घालून. मध्ये सफरचंदाच्या लाकडाचा पाळणा, झेंडूच्या माळा सोडलेला. पहिल्या रांगेत मंदाताई, मांडीवर वही.

सुशीलाबाई नऊवारी नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन उभ्या राहिल्या. पेटीमागून चंद्रहास कुजबुजला, "काकू, काल वाचलं. आज नऊ फेब्रुवारी, त्या संताचा दिवस आजचाच!"

सुशीलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आपण हॉल मोकळा म्हणून हा दिवस घेतला! त्यांनी झांजा कपाळाला लावल्या.

नमन झालं. मग त्या पदर खोचून पुढे आल्या.

"श्रोतेहो, चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा मी कबुली द्यायला उभी आहे. माझ्या नातवासाठी जे नाव काढलंय ते तुम्हा सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, कारण माझी जीभ दुकानात घसरली. त्या नावाचा अर्थ मला ठाऊक नाही. ज्यांची ती भाषा, त्यांनाही नक्की ठाऊक नाही. चंद्रहासच्या कॉम्प्युटरला नाही, आणि त्याला तर सगळंच ठाऊक असतं." हॉल हसला. "मंदाताई, लिहा वहीत. पिठलं आहे, मीठ नाही."

"मग आता कसं करायचं?" मंदाताईंनी जागेवरूनच विचारलं. कीर्तनात मध्ये बोलू नये, हा नियम त्यांना कधीच लागू नव्हता.

"शोधायचं. चला माझ्याबरोबर."

आणि आख्यान सुरू झालं. चौदाशे वर्षांपूर्वीचा तो डोंगराळ मुलूख, तो साधू. गावात पिवळी साथ आली, तेव्हा तो आपल्या माणसांना बोटीत घालून समुद्रापार घेऊन गेला. "परदेशी गेला हो, तुमच्यासारखा! नवीन जागा, नवीन भाषा. आणि तिथे जाऊन त्यानं काय केलं? रडत बसला? सफरचंदाची झाडं लावली! आजही तिथले लोक झाडांना फळ धरावं म्हणून त्याला हाक मारतात." मग साधूला वाहन म्हणून एक हरीण मिळालं, आणि त्या त्यावर बसल्या, म्हणजे साधू बसला, पण सुशीलाबाईंनी उपरण्याचा लगाम असा खेचला की पुढच्या रांगेतलं एक पोर खुर्चीवरून सरकलं. ह्यू वडिलांच्या कानात भाषांतर करत होता, पण एमलिनना त्याची गरज दिसत नव्हती.

साधू म्हातारा झाला, वारला. आणि तीन गावं भांडायला उठली. एक म्हणे इथे जन्मला, आमचा. दुसरं म्हणे इथे राहिला, आमचा. तिसरं म्हणे इथे गेला, आमचा. चंद्रहासनं पेटी चढवली आणि सुशीलाबाईंनी गुरुवारी खोबरं किसताना जुळवलेली साकी म्हटली.

तीन गावचे तीन दावे, संत आमुचा म्हणती ।
प्रार्थनेत ती रात्र सरे, अन् उजाडता काय बघती? ।।

झांजा थांबल्या. 

"एकाच्या जागी तीन! तीन देह, तिळाचाही फरक नाही. तिन्ही गावांना आपापला संत मिळाला. तुकडा नाही, वाटा नाही, अख्खा! कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही."

मग त्यांचा आवाज उतरला. त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. आई, चर्च, भाऊ, तीन दावे. गाणाऱ्या बापाची गोष्ट. "बाप म्हणाला, भांडू नका. माती कुठेही द्या. आईला तिचा अख्खा मुलगा मिळेल, गावाला गावाचा, भावाला भावाचा. आणि त्या भावानं आपल्या वाट्याचा अख्खा भाऊ बोटीत घातला, इथे, या देशात आणला, आणि त्यानंही, ऐका हो, त्यानंही सफरचंदाची झाडं लावली!"

हे बोलताना सुशीलाबाईंचा सूर चढत गेला. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून खालच्या पट्टीत एक आवाज त्याला येऊन मिळाला. फाटका, पण पक्का. एमलिन डोळे मिटून गुणगुणत होते, तेच तीन सूर, चढते. चंद्रहासनं क्षणभर गोंधळून पेटीवर बोटं शोधली आणि धरले ते सूर. तबला मागोमाग आला.  शिडात वारा भरला होता.

"बाळासाहेबबुवा!" त्यांनी हात वर केला. "तुम्ही म्हणालात, अर्थ सांगता येत नाही ते नाव गादीवर घेऊ नकोस. अर्थ पुस्तकात असला पाहिजे, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. ऐका, सांगते. ज्याच्यावर तीन गावांनी हक्क सांगितला आणि जो तिघांना अख्खा मिळाला, तो. जो आईचा, बापाचा, भावाचा, आणि आजपासून चिंचवडचा आणि हेस्टिंग्जचाही, तो. वाटला तरी जो सरत नाही, त्याचं नाव..."

त्यांनी झांजा एकदाच वाजवल्या.

"टेलो!"

हॉलनं टाळ्या वाजवल्या नाहीत, हॉल उठून उभा राहिला. गार्गी रडत होती आणि हसत होती. मंदाताई वहीत काहीतरी खाली मान घालून लिहीत होत्या, आणि त्यांचं नाक लाल झालं होतं.

"थांबा, अजून बारसं व्हायचंय!" सुशीलाबाई ओरडल्या. "कानात नाव आत्यानं सांगायचं. ह्यूला बहीण नाही. पण ज्यानं हे नाव सहासष्ट वर्षं जपून ठेवलं, सांगण्याचा मान त्याचा. एमलिनराव, उठा. आज तुम्ही आमच्या आत्याबाई!"

हशा उसळला. ह्यूनं वडिलांना सगळं समजावलं, त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. एमलिन पाळण्याशी वाकले, आणि मंडळातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे 'कुर्रर्र' म्हणत त्यांच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. सगळ्यात जोरात मंदाताईंनी. म्हातारा दचकला, मग खो खो हसू लागला, आणि हसता हसता बाळाच्या कानाशी त्याचे ओठ हलले.

कुणाला ऐकू आलं नाही.

"हे बाळाचं झालं," सुशीलाबाई हळूच इंग्रजीत म्हणाल्या. "आता आमच्यासाठी. आमच्याकडे याला नाव घेणं म्हणतात."

एमलिन ताठ उभे राहिले. टोपी छातीशी धरली. तोंड उघडलं, मिटलं. पाळण्यात बाळानं पाय झाडला, तेवढाच आवाज. आणि मग ते नाव निघालं, बोललेलं नाही, गायलेलं. पहिल्या सुरावर दबकत, दुसऱ्यावर सावरत, तिसऱ्यावर थेट छपराला. ओटाहुहूच्या त्या पत्र्याच्या छपराला असा आवाज ठाऊक नसावा. शंभर मराठी गळ्यांनी तेच नाव त्याच सुरात परत दिलं. त्यांनी पुन्हा घेतलं. गळ्यांनी पुन्हा दिलं. टाय आणि शॉर्ट्सवाला गोरासुद्धा म्हणत होता. सहासष्ट वर्षांची थकबाकी म्हाताऱ्यानं एका दमात फेडली.

मग सुशीलाबाईंनी पाळणा म्हटला.

समुद्रापल्याडचं नाव गं, समुद्राअल्याड आलं,
एकाच्या ओठी अडलं होतं, सगळ्यांच्या ओठी झालं.

प्रसादाला सुंठवडा आणि सफरचंदाची फोड. चंद्रहास पेटी मिटता मिटता म्हणाला, "काकू, आकडेवारी सुधारली बरं का. ऑकलंडमध्ये काल एकही ऐकिवात नव्हता, आज एक आहे. एवढी वाढ जॅकचीसुद्धा नाही!"

मंदाताई वाटी घेऊन जवळ आल्या. "सुशीलाताई, माझ्या धाकट्या सुनेला सातवा लागलाय," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "तुमच्या व्याह्यांकडे असं आणखी एखादं नाव असेल का हो? अर्थ नसला तरी चालेल. अर्थाचं तुम्ही बघाल."

घरी आल्यावर गार्गीनं चपला काढायच्या आधी फ्रिजवरचा फॉर्म उतरवला आणि चौकट भरली.

रविवारी सकाळी सुशीलाबाई देवापुढे निरांजन लावत होत्या, तेव्हा मागच्या अंगणातून लाकूड कोरल्याचा बारीक आवाज येत होता. मग तो थांबला. आणि एमलिनची हाक ऐकू आली, मोठ्यानं, खणखणीत.

"टेलो!"

अठरा दिवसांचं पोर काय ओ देणार! काही कामही नसावं. नुसतीच हाक. थोड्या वेळानं पुन्हा, "टेलो!" आणि पुन्हा. शेजारचा आर्थर भुंकायला लागला.

गार्गी डोळे चोळत बाहेर आली. "आई, बाबा हाका का मारताहेत? बाळ उठेल."

"उठू दे," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी कोनाड्यातल्या झांजा काढल्या आणि पुढच्या हाकेची वाट पाहत, ताल धरून उभ्या राहिल्या.